शंभरातले नव्वद

आमच्या घरात सकाळ तीन आवाजांनी व्हायची. आधी म्हशींच्या साखळ्या, मग कारखान्याचा भोंगा, मग आबा. यातला आबांचा आवाज दिवसभर चालायचा. घर चिंचवड गावात, पवनेपासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटा, मागे गोठा, मध्ये दोन खोल्या आणि एक माळा. आमची रेल्वेपलीकडची जमीन औषधाच्या नव्या कारखान्यात गेली होती. वाऱ्याची दिशा बदलली की तिकडून आंबलेल्या ताकासारखा वास यायचा. आई पदर नाकाला लावून म्हणायची, ‘आपलंच वावर नासलंय.’ आबांना त्या वासाचं काही वाटत नसे. जमीन गेल्यावर ते आठवडाभर जेवले नाहीत म्हणतात, पण मला आठवतात ते त्याच्या पुढचे आबा: आलेल्या पैशातून म्हशी घेणारे, चाकणच्या बैलबाजारात दलाली करणारे आणि ज्या साहेबांनी जमीन घेतली त्यांच्याच बंगल्यांवर दुधाचा रतीब घालणारे. पाणी मात्र घालत नसत. ‘शिवी देऊन दूध द्यावं, पानी घालून न्हाई,’ असं त्यांचं म्हणणं होतं, आणि शिव्या ते खरंच देत, बंगल्याच्या फाटकाबाहेर आल्यावर.

जमिनीच्या बदल्यात घरातल्या एका मुलाला कारखान्यात नोकरी मिळाली होती. मुलगा एकच होता, माझा थोरला भाऊ सदाशिव. आम्ही त्याला दादा म्हणत असू, आबा सदा म्हणत. तो मॅट्रिक झालेला, हातांनी हुशार, लांब बोटांचा. प्रयोगशाळेत काचेची भांडी आणि नळ्या सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्या पगारावर दोन गोष्टी चालत होत्या. एक, त्याची इस्त्रीची पँट. दुसरी, मी. मी पुण्याला कॉलेजात जात होते, आमच्या आळीतली पहिलीच. आबांनी त्या बाबतीत आधीच सांगून टाकलं होतं, ‘पोरीला शिकवायला माझ्याकडनं दमडी मिळायची न्हाई. भाऊ दिईल तवर जा.’ ते ओरडून नव्हे, भाकरी मोडता मोडता म्हणाले होते, म्हणून ते बदलणार नाही हे मला कळलं होतं. तेव्हा दादाची नोकरी आहे तोवर माझं कॉलेज आहे, हा हिशेब मला सकाळी गाडीत बसताना रोज आठवायचा. पुढे आयुष्यभर मी शाळांची वेळापत्रकं बसवली. कुठलं काम कशावर अवलंबून आहे हे आधी बघायची सवय मला तिथून लागली असावी.

कारखान्याच्या साहेबलोकांचा एक क्लब होता. बैठं कौलारू घर, पुढे लांब व्हरांडा. तिथे बिलियर्डचं टेबल होतं. इंग्रज गेल्यावर देहूरोडच्या लष्करी मेसमधलं सामान लिलावात निघालं, त्यातलं ते. टेबलाबरोबर माणूसही आला, इस्माईलभाई मार्कर. मार्कर म्हणजे टेबलाची राखण करणारा, पाटीवर गुण मांडणारा आणि खेळायला कोणी नसेल तेव्हा साहेबांशी खेळणारा पगारी माणूस. इस्माईलभाई उंच, टोकं वळवलेल्या मिशांचे, पांढऱ्या कपड्यांना कडक खळ दिलेले. ते कधी हसत नसत. आमच्याकडून रोज दूध नेत आणि भांडं उन्हाकडे धरून आतून स्वच्छ आहे का ते बघत. आईला ते मुळीच आवडत नसत.

खेळ मला दादाने तांदूळ निवडायच्या सुपात तीन सुपाऱ्या ठेवून शिकवला होता. तीन चेंडू, एक लाल, दोन पांढरे. लाल चेंडू कोपऱ्यातल्या जाळीत घातला की तीन गुण, बाकीच्या करामतींना दोन-तीन. आधी शंभर करील तो जिंकला. आणि महत्त्वाचं म्हणजे, गुण मिळत राहतात तोवर पाळी सुटत नाही, समोरच्याने नुसतं उभं राहायचं. मार्कर पडला पेशेवर, बाकीचे हौशी, म्हणून प्रत्येकाला तो काही गुण आधीच देऊन टाकी. त्याला ‘स्टार्ट’ म्हणत. कारखान्याच्या चीफसाहेबांना चाळीस, डॉक्टरांना साठ, नवीन आलेल्यांना सत्तर-ऐंशी. कोणाला किती ते भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं असे आणि क्लबातली खरी प्रतवारी तीच, जितके कमी तितका माणूस वर. चीफसाहेबांचे चाळीसाचे पस्तीस झाले तेव्हा त्यांनी सगळ्यांना जिलबी वाटली होती. आणि गंमत अशी की स्टार्ट कितीही असो, खेळ नेहमी चुरशीचा व्हायचा. चीफसाहेब दोन गुणांनी जिंकत, डॉक्टर तीन गुणांनी हरत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

दादा आधी तिथे नुसता पाटी लिहायला गेला होता. मग कोणी आलं नाही म्हणून एकदा हातात काठी मिळाली. दोन-तीन वर्षांत तो साहेबांना स्टार्ट देऊ लागला आणि खडकीच्या मेसशी सामने असत म्हणून क्लबाने त्याला खेळाडू म्हणून आत घेतलं. शेवटी तो एकटाच असा झाला की ज्याला मार्कर काहीच देत नसे. बरोबरीने खेळायचे, आणि दहातल्या सहा वेळा दादा जिंकायचा. शंभराला सत्त्याण्णव, शंभराला पंच्याण्णव. घरी आला की जिन्याच्या कठड्यावर बोटांचा आधार करून काठी सरकवल्यासारखं करायचा. आई म्हणायची, ‘पोराला काहीतरी बाधलंय.’ मला तो तेव्हा फार देखणा वाटायचा.

मग मुंबईचे एक पाहुणे आले. कापडाचे मोठे व्यापारी, चीफसाहेबांचे मित्र. त्यांनी दादाला मार्करला हरवताना पाहिलं आणि म्हणाले, ‘मुंबईला ये. आमच्या क्लबात ठेवतो. राहणं-खाणं माझ्याकडे, तू फक्त खेळायचं. वर्षभरात मोठमोठ्या खेळाडूंशी तुझे सामने लावतो.’ हे दादाने रात्री जेवताना सांगितलं. कांद्याची पात आणि तांदळाची भाकरी होती. आबा जेवत राहिले.

‘आनि नोकरी?’

‘सोडावी लागेल, आबा.’

‘ती नोकरी तुजी न्हाई. ती वावराची हाय. सोडलीस का परत मिळत न्हाई.’

‘मुंबईत याच्या दसपट मिळेल. इस्माईलभाई मेसमध्ये फिरंगी कर्नलांशी खेळलेला माणूस आहे. त्याला मी बरोबरीने हरवतो. मग मुंबईवाले काय वेगळे?’

‘मला काय कळतंय त्यातलं,’ आबा म्हणाले आणि हात धुवायला उठले. आबांनी एखाद्या गोष्टीत आपल्याला कळत नाही असं म्हटलं की आई घाबरायची, कारण ते मग ती गोष्ट कळून घेत.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई दूध न्यायला आले तेव्हा आबांनी त्यांना ओट्यावर बसवून घेतलं. मी आतल्या उंबऱ्याशी भाजी निवडत होते. आबांनी चहा मागवला, जो ते दुधाच्या गिऱ्हाइकाला कधी पाजत नसत.

‘मुंबईच्या पट्टीच्या गड्यापुढं माजं पोरगं किती टिकंल?’

इस्माईलभाईंनी बशी खाली ठेवली. ‘आबासाहेब, मी नोकर माणूस. मेंबर लोकांच्या खेळाबद्दल मी बोलत नसतो. बोललो तर उद्या माझी रोटी गेली.’

‘बोलू नका ना. बाजारात आमी तरी कुठं बोलतो?’

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं. चाकणच्या बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो. कापडाखाली बोटं धरायची, तोंडाने दुनियेच्या गप्पा मारायच्या, भोवतीच्या माणसांना आकडा कळत नाही. इस्माईलभाईंना ही रीत माहीत नव्हती, आबांनी दोन वाक्यांत शिकवली. ‘पैलं सांगा, मुंबईवाल्याशी दहा डाव झालं, तर माजा किती जिंकंल? तितकी बोटं धरा.’

उपरणं हललं नाही. आबा वाट बघत होते. मग इस्माईलभाईंनी हात उपरण्याबाहेर काढून गुडघ्यावर ठेवला.

‘बरं,’ आबा म्हणाले. ‘आता तुमचं सांगा. खरं खेळलात, तर माज्या पोराला किती देऊन बरोबरी हुईल? आता एक बोट म्हंजे दहा.’

हात परत आत गेला. उपरण्याखाली हालचाल झाली, मोठी वाटली, पाच बोटं आणि मग आणखी चार. आबांनी आकडा मला सांगितला नाही, त्या रात्री आईला सांगितला, चूल विझवताना. ‘नव्वद. शंभरात नव्वद देऊन तो म्हणतो बरोबरी. आनि हे येडं त्याला रोज हरवतंय.’ मी पांघरुणात होते. दादाला हे कोणीतरी सांगायला हवं, असं मला वाटलं नाही. मला वाटलं, कॉलेज वाचलं.

एक गोष्ट इथे सांगून टाकते. इतक्या वर्षांत अनेकांनी मला विचारलं की आबांनी दादाला घरात जवळ बसवून का सांगितलं नाही. सांगून त्याला पटलं नसतं हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की आबा बैलाचे दलाल होते. लंगडा बैल लंगडा आहे असं ते कधी तोंडाने सांगत नसत. चार माणसांसमोर त्याला चालवत.

त्यांनी चीफसाहेबांच्या बंगल्यावर जाऊन हुकूम मिळवला. मार्करने एक दिवस खरं खेळायचं, नोकरीला धक्का लागणार नाही. चीफसाहेबांना ही कल्पना फार आवडली. स्वतःच्या पस्तीसांचा खरा अर्थ काय होतो हे त्यांच्या डोक्यात तेव्हा आलं नसावं. मग आबा दादाला म्हणाले, ‘तीन डाव खेळ मार्करबरुबर, माज्यासमोर. तिन्हीतला कुठलाबी एक जिंक आनि मुंबईला जा. मी सोता गाडीत बसवून दीन. पैला डाव बरोबरीनं. दुसऱ्यात त्यानं तुला पन्नास द्यायचं. तिसऱ्यात नव्वद.’

दादा हसला. ‘मला स्टार्ट? आबा, अहो, मी त्याला रोज—’

‘घे की. बाप हाय, एवढी सूट दितो.’

‘नव्वद दिले तर इंदीसुद्धा जिंकेल,’ तो माझ्याकडे बघून म्हणाला.

‘मग तर चांगलंच हाय,’ आबा म्हणाले.

तो रविवार होता, दुपारची वेळ. क्लबात कुटुंबांचा दिवस होता, व्हरांड्यात बायका आणि मुलं, मोठ्या परातीत कांदाभजी. आई आणि मी खिडकीबाहेर उभ्या राहिलो. आबांनी जोडा दाराबाहेर काढला आणि आत भिंतीला टेकून उभे राहिले, फेट्यासकट. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही, त्यांनी मागितलीही नाही. दादाने नवा सदरा घातला होता. मी खिडकीच्या गजाला धरून मनात एकच म्हणत होते, हर. हे मी आजही त्याच स्वच्छ शब्दांत लिहिते. मला पुढे शिकायचं होतं, आणि माझ्याकडे दुसरा भाऊ नव्हता.

पहिल्या डावात दादाने सुरुवात केली, अकरा गुण केले आणि चुकला. सवयीप्रमाणे बाजूला झाला, काठीच्या टोकाला खडू लावू लागला. इस्माईलभाई टेबलाशी गेले. नेहमी ते वाकण्याआधी टेबलाभोवती एक चक्कर मारत, मान हलवत, अवघड आहे असा चेहरा करत. त्या दिवशी यातलं काही केलं नाही. वाकले आणि मारू लागले. चेंडू एकमेकांपासून लांब जातच नव्हते, तिन्ही एका कोपऱ्यात कोंबड्यांसारखे गोळा झाले होते आणि इस्माईलभाई त्यांना दाणे टाकल्यासारखे टिचकत होते. पाटी लिहिणाऱ्या शिपायाचा हात थांबेना. आधी लोक वाहवा करत होते, मग नुसते पाटीकडे बघू लागले. दादा खडू लावतच होता. शंभर झाले तेव्हा त्याच्या सदऱ्यावर, पोटाशी, निळी भुकटी सांडलेली होती. त्याला दुसरी पाळी मिळालीच नव्हती.

‘मार्करला आज झालंय तरी काय?’ चीफसाहेब मोठ्याने म्हणाले. डोळ्यांनी ते आबांकडे बघत होते आणि हसत होते.

‘नशीब,’ दादा म्हणाला. ‘एखाद्या दिवशी लागतो हात.’

‘व्हय,’ आबा म्हणाले. ‘आता पन्नास घे.’

दुसरा डाव लवकर संपला. दादाने चाचपडत पन्नासाचे बासष्ट केले. इस्माईलभाईंनी एकदा मध्येच सोडलं, कंटाळून सोडल्यासारखं, आणि पुढच्या पाळीत संपवून टाकलं. आता लोक मोकळेपणाने हसत होते. दादाने ज्यांना वर्षभर स्टार्ट दिला होता ते जास्त. डॉक्टर भजी खात म्हणाले, ‘अहो चॅम्पियन, मुंबईला पत्र टाका, म्हणावं नव्वद तयार ठेवा.’ व्हरांड्यातल्या एका बाईने आईला विचारलं, ‘तुमचाच ना हो?’ आई ‘व्हय’ म्हणाली आणि तिने पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला.

दादाने आबांकडे बघितलं. तो तेव्हा थांबला असता तर आबांनी थांबू दिलं असतं का, मला ठाऊक नाही. आबा एवढंच म्हणाले, ‘अजून एक हाय. दहाच करायचं हायेत तुला.’

पाटीवर दादाच्या नावापुढे नव्वद लिहिले, मार्करच्या नावापुढे शून्य. दादाने पाच गुण केले. पंच्याण्णव. इस्माईलभाई आले आणि साठाच्या पुढे जाऊन थांबले. दादाने आणखी दोन केले, सत्त्याण्णव, आणि चुकला. इस्माईलभाई पुन्हा वाकले. अठ्ठ्याण्णववर त्यांचा एक फटका हलकासा कमी पडला. लाल चेंडू गडगडत आला आणि कोपऱ्यातल्या जाळीच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला. नुसता धक्का लागला तरी आत पडेल असा. लाल म्हणजे तीन. सत्त्याण्णव आणि तीन.

सगळी खोली एकदम उठून पुढे आली. गेलं कॉलेज, मी मनात म्हटलं. हे कोणीही मारील. हे मी मारीन.

दादा वाकला. काठी बोटांवर ठेवली, मागे नेली. मग तो तसाच राहिला. मी त्याचा चेहरा समोरून बघत होते. तो लाल चेंडूकडे बघत होता, पण नेम धरणारा माणूस बघतो तसं नाही, ओळखीचा माणूस भलत्याच ठिकाणी दिसल्यावर बघतो तसं. तो सरळ उभा राहिला.

‘इस्माईलभाई, हा इथे कसा थांबला?’

‘खेळा, साहेब.’

‘माझ्यासाठी ठेवलात?’

इस्माईलभाईंनी चीफसाहेबांकडे बघितलं. खरं खेळायचा हुकूम होता. खरं बोलायचा होता की नाही हे त्यांना ठरवायचं होतं.

‘जी,’ ते म्हणाले. ‘रोज ठेवतो.’

त्यांनी तो चेंडू दयेने ठेवला, की हाताच्या सवयीने, की एवढ्या लोकांत त्यांनाही पुढचं बघवेना, हे मी कधी विचारलं नाही. आबांचं मत शेवटपर्यंत हेच होतं की मार्करने ऐन वेळी दगा दिला.

दादाने काठी टेबलावर आडवी ठेवली. मारली नाही. ‘माझी पाळी झाली,’ म्हणाला. लोक ओरडले, ‘अरे मार, मार की, वेडा का!’ दादाने हात मागे बांधले. चीफसाहेब वैतागून म्हणाले, ‘संपव रे, मार्कर.’ तेव्हा इस्माईलभाई पुढे झाले, काठी लावली आणि तोच चेंडू आत ढकलला. मग त्यांनी टेबलावर झाडणी फिरवली, सुरकुती राहू नये म्हणून एका दिशेने, आणि वर कापड ओढलं.

आम्ही चौघे चालत घरी आलो, आबा पुढे, दादा सगळ्यांच्या मागे. म्हशींची धार काढायची होती ती आबांनी काढली. आईने दादाला आवडते म्हणून मासवडी केली होती, जिंकला तरी आणि हरला तरी लागेल म्हणून सकाळीच रस्सा करून ठेवला होता. दादा नीट जेवला. दोनदा रस्सा मागितला. ते बघवत नव्हतं, रडला असता तर बरं झालं असतं.

आबांना मात्र राहवलं नाही. त्यांना हवं ते मिळालं होतं, पण त्यांनी ठरवलं होतं तसं मिळालं नव्हतं. पोराने हरायला हवं होतं, सोडून द्यायला नको होतं. ताटावरून उठता उठता ते म्हणाले, ‘चेंडू तोंडाशी हुता. मारला असतास तर मी शबुद पाळला असता. तुजं तूच घालवलंस, सदा. मला बोल लावू नगंस.’

दादाने वर बघितलं नाही. रश्श्यात भाकरीचा तुकडा दाबत म्हणाला, ‘मुंबईत कोण ठेवणार होतं, आबा?’

आबा हात धुवायला गेले. बाहेर त्यांनी चूळ भरली, खाकरले, म्हशीला एक शिवी दिली. दादाने माझ्याकडे बघितलं.

‘इंदे, फी कधी भरायची आहे?’

‘उद्या,’ मी म्हणाले. आणखी दोन दिवस मुदत होती, पण मी उद्या म्हणाले.